कॅरेबियनची क्रूझ ठरवताना आधी तास मोजा

पंचवटीत आमच्या घरासमोर रोज यात्रेच्या बसगाड्या थांबतात. माणसं रामकुंडावर जातात, काळारामाचं दर्शन घेतात आणि दोन तासांत त्र्यंबकच्या वाटेला लागतात. इतक्या लांबून येऊनही त्यांना नाशिक फार थोडं दिसतं, याचं मला नेहमी वाईट वाटतं. कॅरेबियनला जायचं ठरलं तेव्हा मी बायकोला पहिलं हेच सांगितलं, आपण असं जायचं नाही.

जाहिरातीत बेटांचा आकडा ठळक असतो, तो बाजूला ठेवा. कागदावर प्रत्येक बंदरापुढे जहाज कधी लागणार, कधी सुटणार ते लिहा. सुटण्याआधी अर्धा-एक तास परतावं लागतं, तो वजा करा. सहा तासही उरत नसतील तर ते बंदर इतिहास बघण्यासाठी धरू नका. कंपनीचं खाजगी बेट असेल तर तिथे पोहायला मिळतं, गाव नसतं. शेवटी धक्का गावाजवळ आहे का ते नकाशावर बघा. गावात पायी फिरता येत असेल तर आपलं आपण फिरावं. ठिकाण लांब असेल तर जहाजाचीच सहल घ्यावी, कारण तिला उशीर झाला तर जहाज थांबतं. आपल्या टॅक्सीसाठी थांबत नाही.

माझं मत दक्षिणेकडच्या मार्गाला, तोही पोर्तो रिकोच्या सान हुआनहून निघणारा. मायामीहून निघालात तर समुद्रातच दिवस जातात. सान हुआनला दोन दिवस आधी पोचा. 1539 साली बांधायला घेतलेला एल मोरो किल्ला घाईत बघायचा नाही. पोर्तो रिको अमेरिकेच्या ताब्यात असल्यामुळे अमेरिकेचा व्हिसा लागतो, तो अनेक प्रवेशांचा असावा. बाकी बेटांचे नियम एकेक करून तपासा. जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम, आम्ही जानेवारीत गेलो.

कुरासाव बेटावरचं विलेमस्टाड शहर यादीत हवंच. धक्क्यावरून चालत 1888 सालच्या तरंगत्या पुलाशी येता. घंटा वाजते आणि जहाजाला वाट द्यायला अख्खा पूल एका कडेला वळतो. पलीकडे 1732 सालचं ज्यूंचं प्रार्थनामंदिर आहे. आत जमिनीवर वाळू पसरलेली, पाऊल टाकलं तरी आवाज होत नाही. स्पेन-पोर्तुगालमध्ये लपून प्रार्थना करणाऱ्या पूर्वजांची ती आठवण, असं सांगतात. शनिवारी तिथे प्रार्थना असते, पर्यटकांना बघण्यासाठी ते बंद असतं. म्हणून तारखेबरोबर वारही बघा.

बार्बाडोसचं ब्रिजटाउन वारसा-शहर आहेच, पण केन्सिंग्टन ओव्हल हे क्रिकेटचं मैदानही तिथेच. 2024 चा विश्वचषक आपण तिथे जिंकलो, तेव्हा तिकडे पाय वळणारच. मार्टिनिकला थांबा असेल तर 1902 च्या ज्वालामुखीत उद्ध्वस्त झालेलं सेंट पिएर बघा.

त्रिनिदादला फार थोड्या क्रूझ जातात. तुमच्या मार्गात ते असेल तर दुसरं एखादं बेट सोडा. 30 मे 1845 रोजी 'फतेल रझाक' जहाजातून पहिले हिंदी मजूर इथे उसाच्या मळ्यांवर आले. त्या मळ्यांतलाच पुढच्या काळातला एक मजूर शिवदास साधू. साखर कंपनीच्या जमिनीवर त्याने बांधलेलं देऊळ पाडलं, त्याला तुरुंगात टाकलं. समुद्र कुणाच्या मालकीचा नाही म्हणून तो सायकलवरून दगड नेऊन पाण्यात भर घालत राहिला, वर्षानुवर्षं. वॉटर्लूचं ते देऊळ 1995 साली नव्याने उभारलं, ते आजही उभं आहे. पोर्ट ऑफ स्पेनहून ते साधारण आपल्या त्र्यंबकएवढं लांब. वाटेत डबल्स खा. दोन मऊ 'बारा' म्हणजे तळलेल्या चपट्या पुऱ्या, मध्ये रस्सेदार चणे, कागदात गुंडाळून हातात देतात, रस्सा मनगटापर्यंत येतो.

त्या रस्त्यावर घरांच्या अंगणात उंच बांबूंना लाल-पिवळे झेंडे दिसले. ड्रायव्हर म्हणाला, पूजा झाली की लावतात, आम्ही त्याला 'झंडी' म्हणतो. आम्ही गाडी थांबवून उतरलो, घरातल्या आजींनी आत बोलावलं. परतीसाठी तासभर जादा धरला होता म्हणून बसता आलं. तुम्हीही धरा.