लिनक्स डेस्कटॉपमध्ये सुधारणा सुचवायची असेल तर

रावपुऱ्यात माझं टायपिंग आणि डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणं, भाडेकरार, शाळेचे अर्ज, सोसायटीच्या नोटिसा, असं काम चालतं. बडोद्यात एकाच पत्रिकेची एक बाजू मराठीत, दुसरी गुजरातीत आणि पाकिटावरचा पत्ता इंग्रजीत हे नेहमीचंच आहे. मधूनच एखादा हिंदी अर्ज येतो. दुकानातली सगळी मशीन आता लिनक्स या संगणक प्रणालीवर चालतात, आणि काम करताना जे अडतं ते मी ही प्रणाली बनवणाऱ्यांना लिहून कळवते. शिकायला येणाऱ्या मुली विचारतात, "काकू, असं लिहून कोणी ऐकतं का?" ऐकतात. मात्र काय लिहायचं आणि कोणाकडे पाठवायचं, हे ठाऊक असावं लागतं. ते इथे सांगते.

सुरुवात अडलेल्या कामापासून करा. "कळफलक बदलण्याची सोय सुधारा" एवढंच लिहिलं, तर वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. त्या दिवशी काय झालं ते लिहा: "मी पत्राचा मराठी मजकूर टाइप करत होते. मध्येच ब्राउझरमध्ये जाऊन एक गुजराती शब्द शोधला. परत पत्राकडे आले तर कळफलक गुजरातीच राहिला होता. अर्धी ओळ उमटल्यावर लक्षात आलं. दिवसभर असंच होतं." यात उपाय कुठेच सांगितलेला नाही, आणि ते बरोबरच आहे. उपाय शोधणं त्या लोकांचं काम. त्यांच्याकडे नसते ती आपल्या टेबलावरची हकिकत. मी गल्ल्याशेजारी एक वही ठेवली आहे. काही अडलं की तारीख, कोणता प्रोग्राम आणि त्या वेळी काय करत होते, एवढं लगेच टिपून ठेवते. संध्याकाळी आठवून लिहायला बसलं की नेमका तपशील निसटतो.

पाठवण्यापूर्वी ती सोय आधीच आहे का ते पाहा. वरचं उदाहरण त्यासाठीच घेतलं. ग्नोम डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये कळफलकाच्या पानावर दोन पर्याय असतात: सगळ्या खिडक्यांना एकच भाषा, किंवा प्रत्येक खिडकीला तिची स्वतःची. दुसरा पर्याय निवडला की पत्र मराठीत राहतं आणि ब्राउझर गुजरातीत. मग सूचना संपली का? मला तसं वाटत नाही. दोन-तीन भाषा रोज वापरणाऱ्याला हा पर्याय सहज सापडत नसेल, तर तेच कळवा: "दुसरी भाषा जोडली जाते त्याच वेळी हा पर्याय समोर यावा." सोय आहे पण सापडत नाही, ही पूर्ण दर्जाची सूचना आहे. नवी सोय बांधण्यापेक्षा ती अमलात आणणं बहुधा सोपंही असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं: कोणाचं दार ठोठवायचं. बहुतेक सूचना इथेच वाया जातात. लिनक्स म्हणून आपण जे वापरतो ते एका कंपनीने एका जागी बनवलेलं नसतं. लिनस टॉरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेला कर्नेल, म्हणजे प्रणालीचा गाभा, सगळ्यात खाली, त्यावर ग्नोम, केडीई प्लाझ्मा किंवा सिनॅमनसारखा डेस्कटॉप, त्यात लिब्रे ऑफिस, फायरफॉक्स असे स्वतंत्र प्रोग्राम, मराठी टायपिंगसाठी आयबस, अक्षरं जुळवायला हार्फबझ, फॉन्ट आणखी कोणाचे. या सगळ्याची मोट बांधून उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन ही वितरणं आपल्यापर्यंत पोहोचवतात. प्रत्येकाची माणसं वेगळी आणि तक्रारवही वेगळी.

दार ओळखायच्या माझ्या दोन चाचण्या आहेत. पहिली: अडचण एकाच प्रोग्राममध्ये येते की सगळीकडे? फक्त लिब्रे ऑफिसमध्ये येत असेल तर त्यांच्याकडे जा; त्यांच्या हेल्प मेन्यूत सेंड फीडबॅक आहे. केडीईच्या प्रोग्रामांच्या हेल्प मेन्यूतही रिपोर्ट बग असतं. सगळीकडे येत असेल तर दुसरी चाचणी. पेनड्राइव्हवर दुसरं वितरण घ्या, काहीही इन्स्टॉल न करता मशीन त्यावर सुरू करा आणि तेच करून पाहा. उबुंटू आणि फेडोरा वर्कस्टेशन दोन्हींत ग्नोमच आहे. फेडोरातही तेच झालं तर गोष्ट बहुधा ग्नोमची. फेडोरात झालं नाही, तर उबुंटूने वर जोडलेल्या डॉकसारख्या (प्रोग्रामांच्या चिन्हांची पट्टी) भागाकडे आधी पाहा. ही चाचणी केल्याचं सूचनेत लिहिलंत, तर वाचणाऱ्याचा मोठा वेळ वाचतो आणि तुमची नोंद त्याच्या डोळ्यांत भरते.

कधी दार फारच खाली असतं. मला इंग्रजी, मराठी, गुजराती, हिंदी असे चार कळफलक लागतात. मुलींना त्याशिवाय उच्चारानुसार चालणारी मराठी हवी असते, म्हणजे पाचवा. एक्स इलेव्हन म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणारी जुनी यंत्रणा; नवीला वेलँड म्हणतात. एक्स इलेव्हनवर चालणाऱ्या काही डेस्कटॉपांत पाचवा जोडता येत नाही. कारण एक्सकेबी नावाच्या भागात कळफलकाचा क्रमांक लिहायला दोनच बिट राखलेले आहेत, आणि दोन बिटांत चारच क्रमांक बसतात. डेस्कटॉपवाल्यांना कितीही विनवलं तरी ते बिट वाढणार नाहीत. तिथे सूचना वेगळी करावी लागते: "पाचवी भाषा आयबसमधून घेता येते, तर मर्यादा गाठल्यावर वापरणाऱ्याला तो रस्ता दाखवा." अडचणीचं कारण कळलं की मागणी अशी होण्याजोगी बनते.

फॉन्टच्या सूचना आपणच द्यायला हव्यात, कारण मराठी न वाचणाऱ्याला ती चूक दिसणारच नाही. 'आचाऱ्यास निरोप द्या' आणि 'आचार्यास निरोप द्या' ही दोन वाक्यं घ्या. पहिला निरोप लग्नाच्या स्वयंपाकघरात जातो, दुसरा गुरूंकडे. पहिल्यात आडवा अर्धा र हवा. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकावर तो शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ असा येतो. एखाद्या फॉन्टमध्ये तो तुटला, तर आधी तोच मजकूर लोहित देवनागरी आणि नोटो अशा दोन फॉन्टमध्ये लावून पाहा. एकातच तुटत असेल तर दोष त्या फॉन्टचा. सगळ्या फॉन्टमध्ये पण एकाच प्रोग्राममध्ये तुटत असेल तर त्या प्रोग्रामचा. ल आणि श यांचं मराठी वळण हवं असेल तर आणखी एक गोष्ट तपासा: लिब्रे ऑफिसमध्ये त्या मजकुराची भाषा मराठी लावली आहे का? भाषा हिंदी असेल, तर मराठी वळणं असलेला फॉन्टसुद्धा हिंदी वळणच दाखवेल.

हे देवनागरी न येणाऱ्या माणसाला सांगायचं कसं? मी तीन गोष्टी जोडते. जसं दिसतं त्याचं चित्र, चुकलेल्या जागी लाल गोल काढून. जसं दिसायला हवं त्याचं चित्र, दुसऱ्या फॉन्टमधलं किंवा छापील पानाचं. आणि तोच शब्द असलेली साधी टेक्स्ट फाइल. चित्रातून अक्षरं परत टाइप करणं त्याला शक्य नसतं. फाइल मिळाली की तो स्वतःच्या मशीनवर लगेच चूक पाहतो. जुन्या डीटीपी फाइली मात्र यात आणू नका. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये मराठी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर इंग्रजी अक्षरांचा गोंधळच दिसणार, आणि त्यात लिनक्सचा दोष नाही.

एक खबरदारी मी सगळ्यांना बजावून सांगते. या नोंदी जगजाहीर असतात. गिऱ्हाइकाच्या भाडेकराराचं चित्र, त्यावरचा आधार क्रमांक, फोन, पत्ता, यातलं काहीही जोडू नका. खोटी नावं घालून नवी फाइल बनवा आणि चूक तिच्यात दाखवा. उबुंटूवर उबुंटू-बग नावाची आज्ञा आहे. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ती लिहून पुढे पॅकेजचं नाव दिलं की ती मशीनची माहिती आपोआप गोळा करते आणि लाँचपॅडचं, म्हणजे उबुंटूच्या तक्रारवहीचं, पान उघडते. ती काय काय पाठवणार आहे ते आधी उघडून वाचा. त्यात मशीनचं नाव, तुमचं वापरनाव असू शकतं.

एका नोंदीत एकच गोष्ट लिहा. कळफलक, फॉन्ट आणि प्रिंटर असं तिन्ही एकत्र लिहिलं, की ती नोंद कोणाच्याच वाट्याला येत नाही. लाँचपॅडवरची पहिली नोंद २००४ मध्ये खुद्द उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी केली होती: बाजारात मायक्रोसॉफ्टचा वाटा सर्वाधिक आहे. ती २०१३ मध्ये बंद झाली. तसली विशाल नोंद संस्थापकाने करावी. आपल्यासाठी उबुंटूचाच २००९ मधला 'पेपर कट्स', म्हणजे कागदाने बोटाला पडणाऱ्या बारीक चिरांचा, उपक्रम चांगला नमुना आहे. रोज बारीकसा त्रास देणाऱ्या आणि सहज दुरुस्त होणाऱ्या शंभर गोष्टी शोधायच्या आणि एकेक मिटवायची, असा तो बेत होता. मला तो फार पटतो.

माझी नोंद साधारण अशी असते. आधी मराठीत लिहिते, मग छोट्या इंग्रजी वाक्यांत. इंग्रजी साधं असलं तरी चालतं, वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची तीही मातृभाषा नसते.

"शीर्षक: वरच्या पट्टीतली भाषेची खूण दोन रोमन अक्षरांत आहे, ती त्या त्या लिपीत असावी. मी टायपिंगचं दुकान चालवते. एका मशीनवर चार भाषा आहेत. शिकायला येणाऱ्यांपैकी काहींना रोमन खुणा पटकन वाचता येत नाहीत. ते चुकीच्या भाषेत टाइप करतात आणि पुसत बसतात. म, गुजराती ग असं दिसलं तर वेळ वाचेल. रोमन खूण हवी असणाऱ्यांसाठी पर्याय राहावा. वितरणाची आवृत्ती, डेस्कटॉपची आवृत्ती, वेलँड की एक्स इलेव्हन, हे खाली दिलं आहे. सोबत चित्र."

ही आवृत्त्यांची माहिती सेटिंग्जमधल्या अबाउट पानावर मिळते. सूचना आणि बिघाड यांची खूण वेगवेगळी असते, तीही नीट लावा: डेबियन आणि केडीईकडे विशलिस्ट, लिब्रे ऑफिसकडे एन्हान्समेंट. ग्नोमकडे नवी कल्पना आधी त्यांच्या चर्चेच्या जागी मांडावी. डेबियनला नोंद ईमेलने पाठवता येते, खातं उघडावं लागत नाही. आमच्या दांडिया बाजारातल्या एका निवृत्त काकांना मी तोच रस्ता दाखवला, आणि त्यांना तो सोयीचा वाटला.

मेन्यूतला मराठी शब्द खटकत असेल तर नोंदीत वेळ घालवू नका. भाषांतर कोणालाही सुधारता येतं. ग्नोम, केडीई, उबुंटू या सगळ्यांकडे भाषांतराची वेगळी व्यवस्था आहे. तारखेचे किंवा आकड्यांचे मराठी प्रकार चुकत असतील, तर आधी युनिकोडचा सीएलडीआर हा साठा पाहा. अँड्रॉइडसह कितीतरी प्रणाली तिथूनच माहिती उचलतात, म्हणून तिथे झालेली दुरुस्ती खूप दूरवर पोहोचते.

पाठवल्यावर वाट पाहावी लागते. ग्नोमची नवी आवृत्ती मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास येते, उबुंटूची एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये. त्याआधी काही आठवडे नवे बदल घेणं थांबवलं जातं. भाषांतरकारांना वेळ मिळावा म्हणून मेन्यूतले शब्दही गोठवतात. म्हणून ऑगस्टमध्ये पाठवलेली सूचना सप्टेंबरात दिसेल अशी आशा धरू नका. २४.०४ सारख्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीत नंतर मुख्यतः दुरुस्त्याच येतात, नव्या सोयी पुढच्या आवृत्तीत.

मधल्या काळात कोणी प्रश्न विचारला तर लवकर उत्तर द्या. उत्तर न मिळालेल्या नोंदी बंद करतात. "मलाही हेच होतं" एवढंच लिहू नका. तुमच्याकडे वेगळी आवृत्ती किंवा वेगळी परिस्थिती असेल तर ती लिहा. जुनी नोंद सापडली म्हणून तुमची बंद केली, तर वाईट वाटून घेऊ नका, त्या जुन्या नोंदीत तुमची फाइल जोडा. नकार आला तर कारण वाचा. पुष्कळदा तिथेच दुसरा रस्ता सुचवलेला असतो. नोंदी वाचणाऱ्यांतले बरेच जण स्वतःच्या वेळात, बिनपगारी काम करतात. मी त्यांना शेजाऱ्याशी बोलावं तशा सुरात लिहिते आणि उत्तर मिळालं की आभार मानते.

आणि बदल झाला असं कळलं, की ती आवृत्ती पेनड्राइव्हवर घेऊन तुमचं तेच काम पुन्हा करून पाहा: तीच फाइल, तीच भाषा, त्याच कळा. मग नोंदीखाली आवृत्तीचा क्रमांक देऊन लिहा, जमलं का, आणि अजून कुठे अडतंय.