पेन्शनीवर आल्यानंतर एमएसडब्ल्यू

आमच्या सातारा भागात फौजेतून परत आलेला शिपाई असो की सुभेदार, गाव त्याला 'मेजर'च म्हणतं. माझा हुद्दा खरा तर नायकाचा, हवालदाराच्याही खालचा. सतरा वर्षं मराठा लाइट इन्फंट्रीत काढून २०११ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पेन्शनीवर आलो. आज समाजकार्य शिकवतो आणि माजी सैनिकांवरच संशोधन करतो. या वाटेनं यायचं म्हणून बरीच पोरं फोन करतात, त्यातली काही अजून पलटणीतच आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पहिला खड्डा सर्टिफिकेटचा. पंधरा वर्षं सेवा झाली की फौजेकडून पदवीच्या बरोबरीचा एक कागद मिळतो. आपण तो लॅमिनेट करून घरी लावतो. मीही तोच घेऊन एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या, प्रवेशाला गेलो. खिडकीवरच्या माणसानं कागद उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, "मेजर, हे नोकरीला चालतं. इथं पदवी लागते." मला राग आला, पण बरोबर त्याचंच होतं. मॅट्रिक झालेल्या माजी सैनिकाला या कागदावर केंद्र सरकारच्या गट 'क'मधल्या राखीव जागांसाठी पदवीधरासारखं धरतात. विद्यापीठाच्या दृष्टीनं तो शाळेत जेवढा शिकला तेवढाच राहतो. मग नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बीए केलं. त्यात तीन वर्षं गेली. तुम्ही अजून वर्दीत असाल तर ही तीन वर्षं तिथंच उरकून घ्या. पीस पोस्टिंगला, म्हणजे शांत ठिकाणच्या नेमणुकीत, संध्याकाळी पत्ते कुटण्यापेक्षा बरं.

२०१४ साली एमएसडब्ल्यूला बसलो तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होतो. वर्गातली पोरं बाविशीची. त्यांनी आठवडाभर 'काका' म्हणून पाहिलं, मग कुणीतरी 'मेजर' काढलं आणि तेच चिकटलं.

या अभ्यासक्रमात पुस्तकांपेक्षा जास्त कस लागतो तो क्षेत्रकार्यात. आठवड्यातले दोन दिवस वस्तीत, दवाखान्यात किंवा एखाद्या संस्थेत जायचं, परत येऊन अहवाल लिहायचा आणि त्यावर पर्यवेक्षकांशी बोलायचं. मला वाटलं, हे आपल्याला सोपं जाणार. वेळेवर पोचणं, चालणं, अनोळखी माणसाशी बोलणं, यात अवघड काय? माझा पहिला अहवाल असा होता: "०९०० वाजता वस्तीत पोहोचलो. २२ घरांना भेटी. ३ पुरुष नशेत आढळले. त्यांना समज दिली. १३०० वाजता परत." मॅडमनी खाली लाल पेनानं लिहिलं, "तुम्हाला कुणी काही सांगितलं का?"

कुणीच काही सांगितलं नव्हतं, कारण बोलत होतो मीच. तीन महिन्यांपासून कामाला न जाणाऱ्या एका माणसाला मी त्याच्याच ओट्यावर शिस्तीचं व्याख्यान दिलं. पहाटे उठा, आंघोळ करा, नाक्यावर जा. पुढच्या खेपेला त्याच्या बायकोनं मला लांबूनच पाहिलं आणि दार लावून घेतलं. त्याच्या कमरेचा मणका सरकलाय, हे मला शेजाऱ्यांकडून कळलं.

फौजेनं आपल्याला अडचण दिसली की ती सोडवायला शिकवलेलं असतं. पुल तुटलाय, बांधा. माणूस जखमी आहे, उचला. समाजकार्यात माणूस त्याची अडचण त्याच्या भाषेत सांगेपर्यंत हात बांधून बसावं लागतं, आणि सैनिकाला याच्याइतकं अवघड काही नाही. मला जमायला दुसरं सत्र संपावं लागलं. खरं सांगायचं तर घरी अजूनही जमत नाही.

गुणांकडे मात्र पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवा. प्राध्यापकीला पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना सवलत आहे. मी पहिल्या सत्रात 'पास झालो की बास' या हिशेबानं अभ्यास केला आणि पुढची तीन सत्रं ती तूट भरण्यात गेली.

आता नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, तिच्याबद्दल थोडक्यात. समाजकार्याचा विषय क्रमांक १०. मी २०१७ साली दिली तेव्हा तीन पेपर होते. २०१८ पासून दोन आहेत: पहिला १०० गुणांचा, दुसरा २०० गुणांचा, दोन्ही मिळून तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवू नका. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, आणि हिंदीत तर आपली सतरा वर्षं गेलेली. वर्गातली पोरं हिंदी संज्ञांना अडखळायची, मला त्या जवळच्या वाटायच्या. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची अशीच राज्य पातळीवरची परीक्षा, सेट, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, तीही देत राहा. सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेला वयाची अट नाही. फेलोशिपला, म्हणजे संशोधनासाठी दरमहा पैसे देणाऱ्या जेआरएफला, आहे. फौजेतल्या सेवेची जास्तीत जास्त पाच वर्षांची सूट धरली तरी पूर्ण नोकरी करून आलेला माणूस त्यात बसत नाही. मी तर केव्हाच बाहेर होतो.

नेट झाली म्हणून कुणी दारात गाडी पाठवत नाही. आपल्याकडं बहुतेकांची सुरुवात सीएचबीवर होते. घड्याळी तासिका, घेतलेल्या तासांपुरते पैसे, तेही उशिरा, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच नाही. माझ्याबरोबरची हुशार पोरं यातच थकून एनजीओत गेली, काही बँकेच्या परीक्षांकडं वळली. मी टिकलो तो काही फार हुशार म्हणून नव्हे. महिन्याच्या शेवटी पेन्शन जमा व्हायची, तीच माझी फेलोशिप. हे मी वर्गात लपवत नाही. पेन्शन नसलेल्यानं याच वाटेनं चालावं, असं मी कुणाला सांगत नाही.

आता पीएचडी. विषय घेतला तो निवृत्तीनंतर सुरक्षारक्षक झालेल्या जवानांचा. पुण्यातल्या सोसायट्यांच्या गेटवर माझ्या ओळखीचेच किती तरी बसलेले. एक सूचना आधीच देतो: नोकरीतल्या सैनिकांवर अभ्यास करायचा तर फौजेची परवानगी लागते, म्हणून निवृत्तांपासून सुरू करा, आणि ऑपरेशनच्या गोष्टींत शिरू नका. संमतिपत्राला वेळ द्या. सहीचा कागद पुढं केला की आपली माणसं दचकतात, पेन्शनला काही होईल म्हणून. एकानं तो कागद जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नेऊन दाखवला आणि मगच सही केली. मला ते आवडलं.

पहिल्या आठ मुलाखती झाल्या. एक तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला सहा-सात तास लागायचे, तेव्हा मराठी टायपिंग आधीच शिकून घ्या. ती बाडं घेऊन मार्गदर्शकांकडं गेलो. सरांनी पेन्सिलनं एकच वाक्य जागोजागी अधोरेखित केलं: "तुला माहीतच हाय." जिथं गोष्ट रंगात यायची, तिथं समोरचा हे म्हणायचा, मी मान हलवायचो आणि पुढचा प्रश्न विचारायचो. सर म्हणाले, "त्याला काय म्हणायचं होतं ते तुम्हाला माहीत असेल. प्रबंधात कुठाय?"

मला वाटत होतं, फौजी असणं हेच माझं भांडवल. दार उघडायला ते होतंच. पण आत गेल्यावर त्यानंच कान बंद केले होते. नंतरच्या मुलाखतींत मी सुरुवातीलाच सांगायला लागलो, "दादा, मी फौज कधी पाहिलीच नाही असं धरा." लोक हसायचे, मग सांगायचे. एक निवृत्त हवालदार बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "तिथं सलाम माणसाला नसायचा, हुद्द्याला असायचा. हितं गाडीला करतो. गाडीत कधी कधी नुसता ड्रायव्हरच असतो."

आधीच्या आठही जणांकडं मी परत गेलो. दोघांनी नोकरी बदलली होती, एक वारला होता. उरलेल्या पाच जणांनी चहा पाजला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.