पिस्तूल-कार्बाइनचा सांधा: जुन्या हत्यारांच्या जतनाचं काम शिकणाऱ्यांसाठी

गोव्यातल्या जुन्या घरांतून हत्यारं अजून निघतात. सत्तरी, डिचोली, पेडणे, फोंडा या भागांत एखादा वाडा दुरुस्तीला काढला, माळा रिकामा केला, की ठासणीची बंदूक नाहीतर गंजून म्यानात अडकलेली तलवार हाती येते. जुन्या वस्तूंच्या जतनाचं काम शिकायला येणारी मुलं अशा वस्तूंकडे हटकून ओढली जातात, आणि ते मला मनापासून आवडतं. त्यातही पिस्तूल-कार्बाइन, म्हणजे दस्ता जोडून खांद्यावरून झाडता येणारं पिस्तूल, आणि तीसुद्धा कुणीतरी मुद्दाम सांगून घडवून घेतलेली, म्हणजे शिकणाऱ्यासाठी पर्वणीच. डिचोलीकडच्या एका घरातला असा नग मी हाताळला. इथे लिहिते आहे ते बरंचसं त्याच्याकडून शिकलेलं आहे.

पिस्तुलाला मागे सुटा दस्ता जोडायचा आणि ते खांद्याला लावून झाडायचं, ही कल्पना कारखान्यांनीही उचलली होती. अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड शस्त्रागाराने 1855 च्या नमुन्याच्या अशा सुमारे 4,000 कार्बाइन बनवल्या. त्यांची नळी 12 इंची आणि गोळी .58 इंचाची. कोल्टच्या 1860 च्या आर्मी रिव्हॉल्व्हरवर दस्ता अडकवण्यासाठी चौकटीला जादा स्क्रू दिसतो. माउझरच्या सी-96 पिस्तुलाची लाकडी पेटी हेच त्याचं म्यान आणि तोच त्याचा दस्ता. 26 ऑगस्ट 1914 रोजी कोलकात्यात रॉडा कंपनीच्या मालातून क्रांतिकारकांनी 50 पिस्तुलं आणि 46,000 काडतुसं पळवली, ती पिस्तुलं याच जातीची. हे नमुने आधी चित्रांवरून नीट पाठ करून घ्या. कारखान्याने जोड कसा दिला होता ते डोळ्यांत बसलं, की समोरच्या नगातलं वेगळेपण आपोआप खुपायला लागतं.

आता हात लावण्याआधीच्या दोन गोष्टी. यात कुणाचीही भीड धरू नका.

पहिली, नळी भरलेली आहे का? ठासणीची हत्यारं भरून ठेवायची रीत होती आणि काळी दारू कोरडी राहिली तर कैक वर्षांनीही पेटते. नळीचं तोंड स्वतःपासून आणि इतरांपासून दूर धरून लाकडी काठी अलगद तळापर्यंत सोडा, तोंडाशी पेन्सिलीची खूण करा, मग तीच काठी बाहेरून नळीला लावून बघा. दारू पेटवणारी छोटी धातूची टोपी बसते त्या खुंटाच्या बरीच अलीकडे काठी थांबत असेल, तर आत काहीतरी आहे. तिथेच काम थांबवायचं आणि पोलिसांना कळवायचं. दस्त्यातला छोटा कप्पासुद्धा सावकाश उघडा. त्यात जुन्या टोप्या सापडतात आणि त्यांतलं रसायन नुसत्या धक्क्यानेही उडू शकतं.

दुसरी, कायदा. शस्त्र कायदा 1959 च्या कलम 45 मध्ये जुन्या घाटाच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या हत्याराला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही वापरता येणार नसेल तरच. म्हणजे नुसतं ‘आजोबांचं आहे, जुनं आहे’ म्हणून भागत नाही. घरच्यांकडे परवाना किंवा कागद नसतील तर आधी पोलीस ठाणं आणि जिल्हाधिकारी कार्यालय, मग आपलं टेबल. दुसऱ्याचं हत्यार दुरुस्त करण्याच्या धंद्यालाही परवाना लागतो. म्हणून ते पुन्हा चालतं करणं हे आपलं काम नव्हे, मालकाने कितीही गळ घातली तरी. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांना हे आधीच सांगून ठेवा.

एवढं झालं की भिंग काढायचं, दहापटीचं. आमच्या नगाच्या नळीवर, मुळाशी, लंबगोलात ई-एल-जी ही अक्षरं आणि खाली तारा असा ठसा होता. ही बेल्जियममधल्या लिएज शहराची नळी-चाचणीची, म्हणजे नळी बाराचा दाब सोसते हे तपासल्याची खूण. 1893 पासून त्या लंबगोलावर मुकुट आला. आमच्यावर मुकुट नव्हता, तेव्हा नळी त्याआधीची. अशा खुणा ओळखायला शिकणं हा या कामाचा कणा आहे. बर्मिंगहॅमचं चाचणीगृह 1813 चं, लंडनची परंपरा त्याहून जुनी, आणि प्रत्येकाचे ठसे वेगळे. कळीच्या, म्हणजे घोडा आणि चाप चालवणाऱ्या यंत्रणेच्या, पट्टीवर कोरलेल्या नावावर मात्र लगेच विसंबू नका. ते पुष्कळदा विकणाऱ्याचं असतं, आणि इंग्लिश नावं घालून इतरत्र बनवलेला मालही भरपूर होता.

नळी लिएजची, मूठ अक्रोडाची आणि सुटा दस्ता शिसवाचा. इथेच पहिल्यांदा वाटलं की हा दस्ता युरोपातून आलेला नाही. लाकूड ओळखताना रंगावर जाऊ नका, तेल आणि धूर सगळं काळं करतात. आडव्या छेदाकडे बघा, तिथली छिद्रं आणि त्यांची मांडणी बोलते. मग मुठीच्या मागची पितळी खाच आणि दस्त्याची जीभ. या सांध्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. खाचेच्या आतल्या कडांवर कानशीचे ओरखडे होते, थोडे तिरके, हाताने ओढलेले. जिभेवर बरोबर त्याच जागी झीज होती, गुळगुळीत, कडा मऊ झालेल्या. ओरखडे ताजे आणि चकचकीत असते तर कुणीतरी विकण्यासाठी अलीकडे जोड बसवलाय असं म्हणावं लागलं असतं. इथे जोड हाताने घडवलेला होता आणि वर्षानुवर्षं वापरात होता. आवळायच्या स्क्रूचे आटे दुसऱ्या कुठल्याच स्क्रूशी जुळत नव्हते, आणि जिभेवर व मुठीच्या पट्टीवर छिन्नीने मारलेल्या सारख्याच तीन रेघा होत्या. कारागीर आपले भाग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून अशा रेघा मारतो. हे दोन भाग एकमेकांसाठीच बनले, याचा याहून चांगला पुरावा मागू नये.

कागदाचा आधार मिळाला तो घरच्या वाटणीच्या इन्व्हेंटरीतून. पोर्तुगीज काळातल्या या याद्यांत भांडीकुंडी, पलंग, हत्यारं सगळं नोंदलेलं असतं. आमच्या यादीत पिस्तूल आणि त्याचा दस्ता एकत्र, एकाच ओळीत होते. घरातल्या थोरल्या काकींनी ती जपून ठेवली होती. अशी यादी आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा. लोकांना तिचं मोल ठाऊक नसतं.

आता साफसफाई. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुसून, तेल लावून पुजतात. खोबरेल तेलाचे थर वर्षांवर्षांनी चिकट होतात, त्यातली आम्लं पितळ खातात, आणि पितळ जिथे लाकडाला टेकतं तिथे हिरवं मेणचट काहीतरी साचतं. ते बांबूच्या कोरलेल्या काडीने आणि थोड्या व्हाइट स्पिरिटने (रंग पातळ करायच्या द्रावणाने) निघतं. चिंच, कोकम, बाजारातली पितळेची पावडर यांना अजिबात हात लावायचा नाही. काकींनी प्रेमाने चिंचेचा कोळ पुढे केला होता, त्यांना मी हळदीचा एक डाग दाखवला. पूजेचा आहे, म्हणून फोटो काढून तो तसाच ठेवला. तोही या वस्तूच्या आयुष्याचा भाग आहे.

लोखंडावरचा गंज दोन प्रकारचा. घट्ट, तपकिरी, शांत थर बहुधा मुद्दाम दिलेला किंवा जुना असतो, तो राहू द्या. नारिंगी, भुकटीसारखा, किंवा पावसाळ्यात थेंब धरणारा गंज जिवंत असतो. समुद्राकाठच्या मिठाने तो वाढतो. त्याला हलकं तेल, पितळी पातं आणि धीर. सॅंडपेपर, व्हिनेगर, गंज काढायचं आम्ल यांनी नळीवरची पट्ट्यांची नक्षी आणि ठसे कायमचे जातात, आणि ठसे गेले की ओळखही गेली. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. स्क्रू काढायचेच असतील तर पेचकस त्याच्या खाचेच्या मापाला घासून घ्या. अडला तर ओढाताण नको, तो तसाच राहू द्या. लाकडाची फट भरायची तर पॅरालॉइड बी-72 या अ‍ॅक्रिलिक राळेसारखं, पुन्हा विरघळवता येईल असंच काही वापरा.

ठेवायची जागा हा गोव्यातला खरा कसोटीचा भाग. पावसाळ्यात आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर जाते. लोखंडाला कोरडं हवं, लाकूड फार कोरडं झालं तर तडकतं, म्हणून दोघांसाठी मधला मार्ग 45 ते 50 टक्के. घट्ट झाकणाची पेटी, सिलिका जेल, आत छोटा आर्द्रतामापक. चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला पेटी टेकवू नका, ती भिंत पाणी पिते. चामड्याच्या म्यानात हत्यार ठेवू नका.

रीतसर शिकायचं असेल तर लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाला 1976 पासून या कामात आहे, आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र गोव्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर. रसायनशास्त्राची पदवी उपयोगी पडते, पण मी उमेदवार निवडताना आधी त्याची वही मागते. वस्तूची मापं, प्रत्येक ठशाचं रेखाटन, हात लावण्याआधीचे आणि नंतरचे फोटो, कुठे काय लावलं त्याची नोंद. ज्याची वही अशी असते त्याच्या हाती मी पेचकस देते.