सामायिक भट्टी: पाच-सहा जणांनी मिळून भांडी कशी भाजावीत

चाक घरात मावतं, भट्टी मावत नाही. मोठ्या विजेच्या भट्टीला थ्री-फेज जोडणी लागते, मोकळी हवा लागते आणि भरायला पुरेशी भांडीही लागतात. त्यामुळे पाच-सहा जणांत एक भट्टी परवडते. भांडणं मात्र ठरलेली. ती टाळायची तर काही गोष्टी आधीच वहीत लिहून ठेवा.

सगळ्यात आधी माती. माठाची लाल माती साधारण ९०० ते १००० अंश सेल्सिअसला भाजते, स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजून दगडासारखी घट्ट होणारी माती) १२०० च्या पुढे. काही स्टोनवेअर मातीही लालसर असते, त्यामुळे सुकल्यावर फरक पटकन कळत नाही. माठाच्या मातीचा एक कप चुकून १२३० अंशांच्या भट्टीत गेला, तर तो फुगतो, बसतो, कधी वितळून शेल्फला चिकटतो आणि खालच्यांच्या भांड्यांवर ओघळतो. म्हणून भांडं लेदर-हार्ड (अर्धवट सुकून चामड्यासारखं घट्ट) असतानाच बुडाशी आपलं आद्याक्षर आणि मातीची खूण कोरा. खूण नसलेलं भांडं भट्टीत जाणार नाही, मग ते कुणाचंही असो. पहिली भाजणी (बिस्क) दोन्ही मातींची ९५० ला एकत्र चालते. ग्लेझ (काचेसारखा लेप) लावल्यावरची दुसरी भाजणी एकत्र कधीच नाही.

शेतातली काळी माती आणून बघायचा मोह नागपुरात प्रत्येकाला होतो. ती सुकताना फार आकसते आणि तडकते. शिवाय तिच्यात चुनखडीचे खडे असतात. भाजल्यावर ते हवेतला ओलावा शोषून फुगतात आणि काही दिवसांनी भांड्याचा टवका उडवतात. बोल मात्र भट्टीला लागतो. माती पाण्यात कालवून बारीक चाळणीतून गाळा, तीही दुसऱ्या मातीत थोडीच मिसळा. त्यापेक्षा कुंभाराकडून तयार माती घेणं बरं. खणणं, भिजवणं, तुडवणं, खडे वेचणं ही सगळी मेहनत त्यात असते, तेव्हा ‘मातीच तर आहे’ म्हणून घासाघीस करू नका. उन्हाळ्यात माठ, अक्षय तृतीयेला घागरी, दिवाळीआधी पणत्या: या दिवसांत शंका विचारायला जाऊन त्याचा वेळ खाऊ नये.

वाळवणं ऋतूप्रमाणे. मे महिन्यात कूलरचा झोत सरळ भांड्यावर आला, की एक बाजू आधी सुकते, काठ वाकडा होतो आणि कानाच्या सांध्यात तडा जातो. भांडी प्लास्टिकखाली झाका, दोन-तीन दिवस रोज थोडं थोडं उघडा. कान जोडताना कप आणि कान सारखेच ओलसर हवेत. पावसाळ्यात उलट: वरून कोरडं दिसलेलं भांडं आत ओलं असतं. गालाला लावा, गार लागलं तर थांबा. तरी शंका असेल तर भट्टी ८०-९० अंशांवर काही तास धरून ठेवा. आत पाणी राहिलं तर १०० च्या पुढे वाफ होऊन भांडं फुटतं आणि तुकडे शेजारच्याच्या ताटात जातात. ५७३ अंशांच्या आसपास, चढताना आणि उतरतानाही, घाई नको. तिथे मातीतल्या क्वार्ट्झ या खनिजाचं आकारमान अचानक बदलतं.

ग्लेझ लावताना बुडापासून ५ मिमी भाग पुसून कोरा ठेवा. शेल्फवर अॅल्युमिना हायड्रेट (भट्टीत न वितळणारी पांढरी पूड) आणि केओलिन (पांढरी चिनी माती) समप्रमाणात पाण्यात कालवून थर द्या. नवीन ग्लेझ आधी छोट्या चाचणी-तुकड्यावर, तोही मातीच्या चकतीवर ठेवून. शेल्फ खराब झाला तर ज्याचं ग्लेझ ओघळलं त्याने भरपाई द्यायची, हे भट्टी लावण्याआधीच मान्य करून घ्या.

खर्च भांड्यांच्या संख्येवर वाटू नका, जागेवर वाटा. १० सेंमी रुंद आणि तेवढाच उंच कप, चहूबाजूंनी आणि वर १ सेंमी मोकळी जागा धरून, १२ × १२ × ११ म्हणजे १५८४ घनसेंमी घेतो. मीटरचं आधीचं आणि नंतरचं रीडिंग वहीत लिहा, त्यावरून निघालेल्या विजेच्या खर्चात शेल्फच्या झिजेची ठरलेली रक्कम मिळवा, आणि त्याला एकूण घनसेंमीने भागा. रात्री भट्टीजवळ बसणाऱ्याला त्यातून सवलत द्या. पाळ्या आधी लावल्या नाहीत तर रोज तोच एक जण बसतो.

विकण्याआधी दोन चाचण्या. कोरडा कप वजन करा, दोन तास पाण्यात उकळा, पुसून पुन्हा वजन करा: ३०० ग्रॅमचा स्टोनवेअरचा कप ३०६ पेक्षा जड झाला तर माती पुरती भाजलेली नाही. आणि ग्लेझवर लिंबाची फोड रात्रभर ठेवा. डाग पडला किंवा रंग उतरला, तर ते भांडं लोणच्याला आणि संत्र्याच्या रसाला देऊ नका. कुंडी म्हणून विका.