डोक्याला मार लागल्यावर कुकरची शिट्टीपण सहन होत नाहीये? मी काय काय केलं ते सांगतो

दीड वर्षापूर्वी बाईकवरून पडलो. टाके निघाले, सीटी स्कॅन ठीक आला, घरचे म्हणाले सुटलास बाबा. आठवड्याने आईने कुकर लावला आणि तिसऱ्या शिट्टीला मी कान दाबून मोरीत जाऊन बसलो होतो. ही नाटकं नाहीत हे आधी घरच्यांना सांगा. आवाज, उजेड, वास यातलं नको ते मेंदू एरवी गाळून टाकतो, मार लागल्यावर ती गाळणीच नीट चालत नाही, मग पंखा, टीव्ही, शेजाऱ्यांची भांडी सगळं एकाच जोरात आत येतं, आणि झोप कमी झाली असेल तर बघायलाच नको.

पहिलं काम, आठवडाभर वहीत लिहा. कधी त्रास झाला, आजूबाजूला काय चालू होतं, रात्री किती झोपलात. माझं लक्षात आलं की एकटा मिक्सर चालतो, मिक्सर आणि टीव्ही एकत्र चालत नाही. तेव्हापासून घरात एका वेळी एकच आवाज.

उजेडाचं जरा सविस्तर सांगतो कारण इथेच मी माती खाल्ली. महिनाभर पडदे लावून, घरातसुद्धा काळा गॉगल घालून बसलो, आणि त्रास वाढला ना! डोळ्यांना अंधाराची सवय लागते मग साधा उजेडपण टोचतो. गॉगल आणि टोपी फक्त उन्हात. इयरप्लगचंही तेच, बाजारात घाला पण घरी काढा, दिवसभर घातले तर कान अजून हळवे होतात. जुनी चोकवाली ट्यूबलाईट सेकंदाला 100 वेळा लुकलुकते, डोळ्यांना दिसत नाही पण काहींचं डोकं धरतं, आम्ही पिवळसर एलईडी लावले. स्वस्तातले एलईडीपण लुकलुकतात हां, मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये शूट करून बघा, फडफडताना दिसतात. चष्म्याच्या गुलाबी छटेच्या, एफएल-41 नावाच्या काचा काहींना मानवतात, डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

लोकल. ऑफिसच्या गर्दीची वेळ विसरा, अकरानंतरची स्लो पकडा, शक्यतो जिथून सुटते तिथूनच. खिडकीबाहेर पळणारे खांब बघू नका, गरगरतं, नजर डब्यातच कुठेतरी ठेवा. उतरल्यावर लगेच पुलावर चढायचं नाही, बाकावर बसा, गर्दी ओसरू द्या, पाच मिनिटांनी कोण मरत नाही.

आणि डोकं भरत आलं की ओळखायला शिका. माझा जबडा आवळतो, शब्द सापडत नाहीत, उगाच कोणावर तरी खेकसतो. तिथेच उठायचं, "अजून पाचच मिनिटं" केलं की पुढचा दिवस गेला समजा. मंद उजेडात पंधरा-वीस मिनिटं पडायचं, मोबाईल लांब.

पण कायम पळत राहिलं तरी सुधारत नाही, थोडं थोडं वाढवावं लागतं. मी दादरच्या गजबजलेल्या रानडे रोडवर आधी दुकानं उघडायच्या आत चक्कर मारायचो, मग अकरा वाजता, शनिवारची संध्याकाळ अजून जमलेली नाही. हे ऑक्युपेशनल थेरपिस्टला (रोजची कामं पुन्हा जमवायला मदत करणारे) विचारून केलेलं बरं, मुंबईत केईएम, सायन, नायर तिन्ही हॉस्पिटलांत तो विभाग आहे. चक्कर येत असेल किंवा कानात वाजत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. डोकेदुखी झपाट्याने वाढतेय, सारख्या उलट्या, फिट, एका बाजूचा हातपाय लुळा, किंवा उठवलं तरी नीट जाग येत नाही, असं काही झालं तर सरळ हॉस्पिटल गाठा.

गणपतीत काय? रहिवासी भागात मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, दहानंतर स्पीकर बंद, फक्त ठरवून दिलेल्या काही दिवशी बारापर्यंत सूट. कागदावर. तक्रार करता येते, पण ढोल-ताशासमोर उभं राहून वाद घालायची ताकद आपल्यात नसते, म्हणून विसर्जनाला मी बदलापूरला मावशीकडे जातो. तिथे कोंबडा आहे, पण एकटाच आहे.

शेवटी एक फुकटातला उपाय. आधी माहीत असलेला आवाज कमी लागतो, अचानक आलेला जास्त. आई आता शिट्टी व्हायच्या आधी आतून ओरडते, "अरे, होणारे हां!" आणि मी गॅलरीत जाऊन उभा राहतो. डाळ असेल तर चार शिट्ट्या, भात असेल तर तीन, मोजून परत आत येतो.