सोसायटीत किंवा शाळेत वीर वैमानिकाचा स्मृतिफलक लावायचाय? मग आधी हे वाचा

पुण्यात फौजी घरं भरपूर, त्यामुळे एखाद्या लढाऊ वैमानिकाच्या नावाने फलक लावू असं बऱ्याच जणांच्या मनात येतं, पण होतं काय की आधी ग्रॅनाइटवाला गाठतात आणि मजकूर शेवटच्या दिवशी व्हॉट्सअॅपवरून उचलतात. प्लीज असं करू नका. दगड कधीही मिळेल, खरा वेळ मजकुराला द्या.

उदाहरण म्हणून स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या घेऊ, मूळचे कर्नाटकातल्या कोडगूचे. ७ सप्टेंबर १९६५ ला पाकिस्तानातल्या सरगोधा तळावर आपल्या मिस्टेअर विमानांनी हल्ला केला, त्यात देवय्या स्टँडबाय म्हणजे राखीव होते, आयत्या वेळी जागा झाली म्हणून गेले. तिथे पाकिस्तानचं एक स्टारफायटर लढाऊ विमान मागे लागलं, मिस्टेअरच्या जवळजवळ दुप्पट वेगाचं, तरी त्यांनी ते पाडलं आणि स्वतः मात्र परत आले नाहीत. इकडे नोंद फक्त बेपत्ता. त्या झुंजीची पाकिस्तानकडची हकीकत छापून आल्यावर उलगडा झाला आणि १९८८ ला महावीर चक्र मिळालं, मरणोत्तर. म्हणजे २३ वर्षांनी! त्यामुळे फलकावर दोन्ही सालं हवीत, नुसतं 'महावीर चक्र, १९६५' लिहिलंत तर घरच्यांनी काढलेली ती सगळी वर्षं गायब होतात. आणि 'अमर रहे' च्या आधी त्यांनी नक्की काय केलं ते दोन ओळीत लिहा, मुलं तेच वाचतात.

रँक, स्क्वाड्रन, पदकाचं सायटेशन (पदक कशासाठी दिलं त्याचा अधिकृत मजकूर) हे सगळं संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या वेबसाइटवर बघा. घरचे हयात असतील तर आधी त्यांना विचारा, नावाचं स्पेलिंग पण त्यांच्याकडूनच घ्या.

मजकूर लिहायच्या आधी एकदा खडकीच्या वॉर सिमेट्रीत जाऊन या. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी आहेत आणि प्रत्येक दगडावर किती कमी शब्द आहेत ते बघा. घोरपडीजवळचं सदर्न कमांडचं वॉर मेमोरियल पण बघा, लोकांच्या वर्गणीतून उभं राहिलंय आणि तिथे मिग विमान ठेवलंय, मुलांना जरूर न्या.

आता काय टाळायचं. अशोकस्तंभ कोरू नका, २००५ च्या कायद्याने खासगी वापराला बंदी आहे. अनावरणाला फलकावर तिरंगा टाकतात ते पण फ्लॅग कोडमध्ये बसत नाही, साधं कापड वापरा. आणि विमानाचं चित्र! लोहगाववरून रोज सुखोई उडताना दिसतात म्हणून तेच छापतात, पण देवय्यांचं मिस्टेअर एकाच इंजिनाचं आणि एकाच शेपटीचं होतं, फोटो जुळवून घ्या.

जागेचं म्हणाल तर सोसायटीच्या आत असेल तर मीटिंगमध्ये ठराव करून घ्या, रस्त्यावर किंवा चौकात असेल तर महापालिकेची परवानगी लागते. अक्षरं खोल कोरून घ्या, वरवर रंगवलेली आपल्या पावसात टिकत नाहीत. ग्रॅनाइटवाल्याने कोरायच्या आधी कागदावर प्रिंट द्यायला सांगा आणि ती दोघा-तिघांनी मोठ्याने वाचा, देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घाची चूक दगडावर गेली की मग नवीन दगडच घ्यावा लागतो.

कार्यक्रम सात सप्टेंबरला असेल तर सकाळी लवकर ठेवा, गणपतीचे दिवस आले तर दुपारनंतर स्पीकर लागतात. हार-भाषणं कमी करा आणि सायटेशनचं मराठी भाषांतर एखाद्या शाळेतल्या मुलीकडून वाचून घ्या.