वास गोड, वाईन ड्राय

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं गोव्याच्या हॉटेलांत नोकरीला लागतात, वर्ष-दोन वर्षं टेबलं सांभाळतात आणि मग कुणाला तरी वाटतं, वाईनकडं वळावं. टिप बरी मिळते, जहाजावर जायची वाट दिसते, साहेबलोक नावानं ओळखायला लागतात. अशांचे मला फोन येतात. पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, ते वास कसे ओळखायचे?" मी सांगतो, वास राहू दे. आधी साखर ओळखायला शिक.

कुणालाच हे पटत नाही. मलाही पटलं नव्हतं. डब्ल्यूएसईटी म्हणजे वाईनच्या परीक्षा घेणारी लंडनची संस्था. तिच्या लेव्हल थ्रीला टेस्टिंगमध्ये, म्हणजे चाखून ओळखण्यात, मी तिथंच आपटलो.

लेव्हल टूपर्यंत काही अडत नाही. पन्नास पर्यायी प्रश्न, एक तास. घोकंपट्टी करणारा सहज सुटतो. म्हणून लेव्हल टू पास झालेला माणूस स्वतःला सॉमेलिए, म्हणजे हॉटेलातला वाईनचा जाणकार, म्हणवून घेतो तेव्हा मला हसू येतं. लेव्हल थ्रीला दोन ग्लास पुढ्यात येतात, एक व्हाइट, एक रेड. बाटली दिसत नाही आणि हातात अर्धा तास असतो. पास व्हायला थिअरीत ५५ टक्के आणि टेस्टिंगमध्ये वेगळे ५५ टक्के लागतात. थिअरीत कितीही मिळाले तरी टेस्टिंगची भरपाई होत नाही.

चकवा कुठं आहे ते सांगतो. जरा लांबण लागेल, पण वाचा.

आपल्या भागात वाईन म्हणजे गोव्याची पोर्ट. चोर्ला घाटातून येणाऱ्या कुणाच्या तरी पिशवीतली, नाताळात कॅम्पातल्या मित्राच्या घरी छोट्या ग्लासातली, 'ही काय दारू नव्हे' म्हणत आत्याबाईंनीही चाखलेली. ती गोडमिट्ट असते. खरी पोर्ट पोर्तुगालच्या डोउरो खोऱ्यातली. तिथं रस आंबत असताना मध्येच द्राक्षाचं स्पिरिट ओतून यीस्ट मारतात, म्हणून साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल १९ ते २२ टक्क्यांवर जातं. हा अपवादातला प्रकार. जगातल्या नामांकित रेड वाईन जवळजवळ सगळ्या ड्राय असतात, व्हाइटही बहुतेक. म्हणजे त्यांत साखर जवळपास नसतेच. युरोपच्या नियमात लिटरला ४ ग्रॅमपर्यंत साखर म्हणजे ड्राय. आंबटपणा भरपूर असला तर ९ ग्रॅमपर्यंतही चालते. ४५ ग्रॅमच्या वर गेली की स्वीट.

पोर्टवर वाढलेल्या जिभेला पहिली ड्राय शिराझ, म्हणजे त्या नावाच्या द्राक्षाची रेड, कडू लागते. तो टप्पा लवकर जातो. खरा घोटाळा पुढे होतो. आता तुम्हाला ठाऊक असतं की रेड ड्राय असते. मग समोर व्हिओनिए नावाची व्हाइट येते, जर्दाळूचा घमघमाट. किंवा ऑस्ट्रेलियातल्या बरोसाची शिराझ येते, जॅम आणि व्हॅनिलाचा वास मारणारी. नाक म्हणतं गोड, हात लिहितो 'मीडियम स्वीट'. ग्लासात मात्र साखर नसते.

असं होतं कारण आंब्याचा, जॅमचा, व्हॅनिलाचा वास आपल्याला लहानपणापासून गोडाबरोबरच भेटलेला असतो. मेंदूनं दोघांची गाठ मारून टाकलेली असते. घरात केकासाठी आणलेल्या व्हॅनिला इसेन्सची बाटली हुंगा. गोड ना? आता एक थेंब जिभेवर ठेवा. कडू. कुंद्यातला वेलदोडा गोड वाटतो. नुसता दाणा चावून बघा. वासाला साखर नसते, आणि हे कळायला मला लाजिरवाणा वेळ लागला.

इलाज सोपा आहे आणि फुकट. घोट घ्यायच्या आधी नाक चिमटीत धरा. घोट तोंडभर फिरवा. नाक बंद असेपर्यंत जे कळतंय ते तोंडाचं: गोड, आंबट, कडू, तुरट, अल्कोहोलची धग. आता नाक सोडा. एकदम जर्दाळू उगवला तर तो घशामागून नाकात चढलेला वास होता, साखर नव्हे. परीक्षेतही हे करता येतं. कुणी हसत नाही, आणि हसलं तर हसू दे.

गोड जिभेच्या टोकाला कळतं असं कुणी शिकवलं तर मान डोलवा आणि विसरून जा. जिभेचा तो नकाशा १९०१ सालच्या एका जर्मन अभ्यासाचा उलटासुलटा अर्थ लावून तयार झाला. गोड जिभेवर सगळीकडं कळतं. तरी अजून गोव्यातले ट्रेनर तो नकाशा फळ्यावर काढतात.

दुसरा व्यायाम पाण्याचा. किचनचा डिजिटल काटा घ्या. एक-एक लिटर पाण्याच्या बाटल्या भरा: एक नुसती, एकीत ४ ग्रॅम साखर, एकीत १२, एकीत ४५. भावाला किंवा रूममेटला बुडाला खुणा करायला सांगा, बाटल्यांची अदलाबदल करायला सांगा, आणि सकाळी चहाआधी चाखा. चारची बाटली आणि नुसतं पाणी यांत बहुतेकांना फरक कळत नाही. हरकत नाही, तेच ड्राय. चुकायला होतं ते १२ च्या आसपास, तिथं रेंगाळा. मग आणखी एक ४५ ग्रॅमची बाटली करा आणि तीत ७ ग्रॅम लिंबूसत्व घाला. आता तिचा गोडवा किती उतरला ते बघा. साखर तेवढीच आहे, आंबटानं ती झाकली.

हा चकव्याचा उलटा हात. जर्मनीतल्या मोझेलची कॅबिनेट रीसलिंग ही हलकी व्हाइट बऱ्याचदा अशी असते. साखर बरीच, पण आंबटपणा इतका धारदार की पोरं बिनधास्त 'ड्राय' लिहितात. अशा वेळी धग मोजा. लिटरमागं साधारण १७ ग्रॅम साखर खाऊन यीस्ट १ टक्का अल्कोहोल तयार करतं. ८-९ टक्क्यांची हलकी वाईन लागली आणि वास पिकल्या फळांचा आला, तर उरलेली साखर कुठं गेली हे स्वतःला विचारा. ती ग्लासातच आहे.

गावाकडं गेलो की हमखास कुणीतरी विचारतं, "अथणीला एवढी द्राक्षं पिकत्यात, मग चांगली वाईन का होईना?" अथणीची, पलीकडं विजयपूरची थॉमसन जातीची द्राक्षं खायची आणि बेदाण्याची. बिया नाहीत, साल पातळ. रेडला रंग आणि तुरटपणा सालीतून, बियांतून येतो, तो तिथं मिळणार कुठून? गंमत म्हणजे वाईनची द्राक्षं खाण्याच्या द्राक्षांहून गोड असतात. आपली १८ ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं माप) आसपास तोडतात, वाईनची २२ ते २४ ला. सगळी साखर यीस्टच्या पोटात जाते आणि हाती येते ड्राय वाईन. कर्नाटकात चाखण्यासारखं आहे बरं का: नंदी टेकड्यांजवळ ग्रोव्हर ही वाईनरी १९८८ पासून आहे, हंपीकडं कृष्मा आहे, आणि २००७ पासून राज्याचं वेगळं वाईन धोरणही आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्ली. सरावाला या बाटल्या परवडतात. फक्त आपल्याकडच्या शेनिन ब्लाँ या व्हाइटमध्ये पुष्कळदा थोडी साखर राखलेली असते. ती ड्राय समजून सराव केलात तर माप बिघडेल.

साखर हातात आली की बाकीचं भराभर येतं. आंबटपणा लाळेनं मोजायचा. घोट थुंकून तोंड उघडं ठेवा, मान खाली घाला. लाळ किती वेगानं सुटते ते बघा. 'आंबट वाटतं का' असं विचाराल तर फसाल, कारण आपण आमसुलाच्या कढीवर आणि चिंचेच्या आमटीवर वाढलेली माणसं, आपल्याला काहीच आंबट वाटत नाही. माझ्या ओळखीतली खानापूरकडची सगळी पोरं सुरुवातीला शाब्ली या फ्रेंच व्हाइटच्या आंबटपणाला 'मीडियम' देतात. ती 'हाय' असते. तुरटपणा हिरड्यांवर, गालाच्या आतल्या बाजूला. बिनदुधाचा काळा चहा दोन मिनिटांचा आणि दहा मिनिटांचा शेजारी ठेवून प्या, काम झालं. रंगावर जाऊ नका. इटलीतल्या बारोलोची नेबिओलो फिकट विटकरी दिसते, दिसायला बिचारी, आणि हिरड्या सोलून काढते.

आता वास. एवढा वेळ थांबलात म्हणून.

५४ वासांच्या कुप्यांची फ्रेंच पेटी मिळते. महाग आहे. घेऊ नका. बेळगावच्या रविवार पेठेत मसाल्याच्या दुकानांसमोरून डोळे मिटून चाला. लवंग, मिरी, दालचिनी, जायफळ, सगळं ओकच्या पिंपातल्या वाईनमध्ये भेटतं. निपाणीच्या पोरांना तर मी म्हणतो, तुम्ही जन्मतःच दोन मार्क पुढे आहात: फ्रान्समधल्या बोर्दोच्या जुन्या रेडमध्ये येणारा सुक्या तंबाखूच्या पानाचा वास शहरातल्या मुलांना घोकावा लागतो, तुम्ही वखारीत खेळलात. फळांचं मात्र ऐका. करवंद, जांभूळ लिहून मार्क मिळत नाहीत, परीक्षेची यादी ठरलेली आहे. पण पिकलेली करवंदं हुंगून 'काळं फळ' हा गट नाकात बसतो, आणि लाल फळ की काळं, हिरवं फळ की उष्ण प्रदेशातलं, एवढं अचूक आलं की बरंच निभावतं. व्हाइटला हिरव्या ढबू मिरचीचा वास आला तर सोव्हिन्यॉ ब्लाँ आठवा. लिचीचा, गुलाबाचा आला तर गेवुर्त्सट्रामिनर.

"तुला नाकच नाही" असं एखादा सीनियर म्हणाला तर मनावर घेऊ नका. शिराझमधल्या मिरीच्या वासामागचं द्रव्य, रोटंडोन, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये उजेडात आणलं, आणि साधारण पाचातल्या एकाला त्याचा वासच येत नाही असंही त्यांना दिसलं. नाक धडधाकट असतानाही. आणि २००१ मध्ये बोर्दोत वाईनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना रंग घालून लाल केलेली व्हाइट दिली, तर त्यांनी तिचं वर्णन रेडच्या शब्दांत केलं. बोर्दोतली मुलं फसतात, तिथं तुमचं-माझं काय घेऊन बसलात.

कोटावर बिल्ले लावणाऱ्यांपेक्षा मला एका बारमननं जास्त शिकवलं. खानापूरकडचाच, कसलंही सर्टिफिकेट नाही. त्यानं कित्येक महिने मला वासाचा एक शब्द उच्चारू दिला नाही. साखर, आंबट, तुरट, धग, बस्स. तेव्हा राग यायचा. असा माणूस भेटला तर त्याला सोडू नका. तीन महिन्यांत सॉमेलिए बनवतो म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका. ते तुम्हाला सुंदर विशेषणं देतील, ग्लासात काय आहे ते सांगणार नाहीत. मोठी स्वप्नं जरूर बघा, भारतातल्या पहिल्या मास्टर ऑफ वाईन (या धंद्यातला फार मानाचा किताब) सोनल हॉलंड २०१६ मध्ये झाल्याच, पण तो किताब आज असलेले लोक जगभरात पाचशेच्याही आत आहेत. पहिल्या वर्षी साखरच बघा.

थुंकायला शिका. हे गंमत म्हणून सांगत नाही. पिकदाणी जवळ ओढा आणि लाज सोडा. दहा वाईन गिळून चाखणाऱ्याला सातवीपासून सगळ्याच चांगल्या लागतात, आणि या धंद्यात व्यसनात गेलेली पोरं मी पाहिली आहेत. स्वतःच्या पिण्यावर ताबा नसेल तर दुसरी लाइन बघा, यात मानहानी काही नाही. आमचं घर माळकरी. आईला अजून उमजत नाही. "थुंकायचा पगार देत्यात व्हय रे तुला?" असं ती शेजारणीसमोर विचारते. मी होय म्हणतो.

चाखून झाल्यावर लगेच दात घासू नका. आम्लानं दातांचं वरचं कवच मऊ झालेलं असतं, ब्रशनं ते झिजतं. पाण्यानं चूळ भरा, तासभर थांबा.

आणि गोव्यात बाटली स्वस्त म्हणून सरावाला चार-पाच पिशवीत घालून गावी निघू नका. कणकुंबीला, अनमोडला नाक्यावर तपासणी होते. परमिट नसेल तर ती सरळ अबकारी केस, आणि पुढं पासपोर्टसाठी पोलिसांची पडताळणी असते. सराव गोव्यातच करा. चौघांनी वर्गणी काढून एक बाटली घ्या, प्रत्येकी ५० मिली पुरतं, उरलेल्या बाटलीला बूच लावून फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा चाखायची आणि काय बदललं ते लिहायचं. सीझन ऑक्टोबरला उघडतो, माणसं त्याच्या आधी, ऑगस्ट-सप्टेंबरातच घेतात. इंटरव्ह्यूला बहुतेक ठिकाणी एक ग्लास पुढं करून 'सांग' म्हणतात. पहिलं वाक्य साखरेचं असू द्या.